दत्तगुरूंचे श्वान आणि चोरीचा कायदा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तमहाराजांच्या तसबिरीत मागे गाय उभी असते आणि पायांशी चार कुत्री असतात. गाय म्हणजे पृथ्वी आणि चार कुत्री म्हणजे चार वेद, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तसबिरीला हार घालताना त्या चौघांच्या कपाळालाही आपण गंधाचं बोट लावतो. यंदाच्या अंकासाठी त्या श्वानांच्या निमित्ताने एक प्रश्न मांडतो. कुणी दुसऱ्याचं कुत्रं चोरून नेलं, तर तो नेमका कोणता अपराध? घड्याळ किंवा सायकल चोरण्यासारखाच, की त्याहून वेगळा? आणि वेगळा असेल, तर कायद्यात त्याला वेगळं नाव आणि वेगळं कलम असावं का?

मी काही वकील नाही. बी.कॉम. झालो आणि पस्तीस वर्षं बँकेत कारकुनी केली. पण वस्तूची किंमत कशी धरतात, तारण म्हणजे काय, ठेव म्हणजे काय, हे रोजच्या कामामुळे अंगवळणी पडलं आहे. त्याच नजरेने हा प्रश्न पाहतो.

इंग्लंडात हा प्रश्न पार्लमेंटपर्यंत गेला. लॉकडाऊनच्या काळात तिथे कुत्र्यांना मागणी वाढली, भाव वाढले आणि चोऱ्यांची चर्चा सुरू झाली. सरकारने २०२१ मध्ये खास समिती नेमली. २०२० या एका वर्षात कुत्रं चोरल्याच्या सुमारे दोन हजार तक्रारी पोलिसांकडे आल्याचं त्या समितीने नोंदवलं. पुढे २०२४ मध्ये 'पेट ॲबडक्शन ॲक्ट' झाला. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये कुत्रं किंवा मांजर पळवणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे आणि जास्तीत जास्त शिक्षा पाच वर्षांची. गंमत अशी, की तिथल्या १९६८ च्या चोरीच्या कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा सात वर्षांची आहे. म्हणजे कागदावर नवा कायदा जुन्यापेक्षा सौम्यच. मग बदललं काय? नाव बदललं. 'माल चोरला' याऐवजी 'जीव पळवला' असं कायदा म्हणू लागला.

आता आपल्याकडे पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीचं कलम पूर्वी ३७८ होतं, ते आता ३०३ झालं. कलमाखाली समजावण्यासाठी उदाहरणं दिलेली आहेत. त्यातलं एक उदाहरण १८६० च्या कायद्यापासून आजपर्यंत टिकून आहे आणि ते कुत्र्याचंच आहे. चोर खिशात कुत्र्याला आवडणारं खाणं ठेवतो, त्या वासाने दुसऱ्याचं कुत्रं त्याच्यामागे चालू लागतं. कायदा म्हणतो, चोराच्या मनात लबाडी असेल, तर कुत्र्याने पहिलं पाऊल टाकलं तिथेच चोरी पूर्ण झाली. तेव्हा कुत्रं चोरणं हा आपल्याकडे गुन्हाच नाही, असं कुणी समजू नये. गुन्हा आहेच. पण तो 'मालाचा' गुन्हा आहे, आणि मालाला किंमत लागते.

याच कलमात आता नवी तरतूद आहे. माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. अशी चोरी अदखलपात्र, म्हणजे पोलीस एन.सी. लिहून घेतात. भुकेपोटी कुणी पाव उचलला तर त्याला तुरुंगात धाडू नये, हा त्यामागचा विचार चांगलाच आहे. पण कुत्र्याच्या बाबतीत काय होतं ते पाहा.

बोरिवलीला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांचं कुत्रं नऊ वर्षांचं, अर्धं गावठी, अर्धं पॉमेरेनियन. कुणीतरी पिल्लू असताना फुकट दिलेलं. एके सकाळी दुधाच्या दुकानाबाहेर त्याला बांधून त्या पिशव्या घ्यायला आत गेल्या. बाहेर येतात तो फक्त दोरी. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसलं, की स्कूटरवरच्या एका मुलाने बिस्कीट दाखवलं, कुत्रं शेपूट हलवत त्याच्याकडे गेलं. कायद्याच्या पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं! बाई तक्रार द्यायला गेल्या, मीही बरोबर होतो. तिथल्या गृहस्थांनी आदराने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, किंमत किती लिहू?" बाईंना उत्तर देता येईना. फुकट मिळालेल्या, नऊ वर्षांच्या, जात नसलेल्या कुत्र्याची किंमत काय सांगणार?

आमच्या वाणिज्य शाखेत घसारा शिकवतात. यंत्र घेतलं की दरवर्षी त्याची पुस्तकी किंमत कमी होत जाते आणि शेवटी वहीत एक रुपया उरतो. कुत्र्याला मालमत्ता म्हटलं की हाच हिशोब लागतो. पिल्लू असताना किंमत जास्त, म्हातारं झालं की शून्य. आणि घरातला अनुभव बरोबर उलटा! जितकी वर्षं जातात तितका जीव जडतो. ज्या वहीत जमेचा आकडा खर्चाच्या बाजूला पडतो, ती वही कधी जुळत नाही.

बाईंचं कुत्रं अकरा दिवसांनी कांदिवलीत सापडलं. भिंतीवर लावलेला कागद पाहून एका वॉचमनने फोन केला. कायद्याच्या भाषेत माल परत मिळाला. पण ते आता कुणाच्या हातचं बिस्कीट खात नाही. जिन्यात अनोळखी पाऊल वाजलं की बाईंच्या खुर्चीखाली जाऊन बसतं. घड्याळ चोरीला जाऊन परत आलं, तर ते पुन्हा पूर्वीसारखंच चालतं. त्याला चोर आठवत नाही आणि ते मालकाची वाटही पाहत नाही. इथे नुकसान दोघांचं झालं, आणि कायद्याच्या खात्यात नाव एकाचंच आहे.

कुणी म्हणेल, सरसकट सगळ्याच वस्तू कायदा किमतीवर तोलतो, त्याला काय करणार? तसं नाही. न्याय संहितेचं ३०५ कलम पाहा. देवळातली मूर्ती चोरली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा, असं त्यात वेगळं लिहिलं आहे. पितळेचं वजन किती, हा प्रश्नच नाही. मूर्तीची किंमत धातूत नसते, हे कायद्याला कळलं. त्याच्या आधीचं ३०४ कलम हिसकावून नेण्याचं आहे. सकाळी फिरायला जाताना गळ्यातली साखळी खेचून नेतात, त्याला पूर्वी चोरीतच धरत. आता त्याला स्वतःचं नाव मिळालं. ३२५ कलम तर जनावराला मारण्याचं किंवा जायबंदी करण्याचंच आहे. जुन्या कायद्यात तिथे दहा रुपये, पन्नास रुपये अशी जनावराची किंमत लिहिलेली होती. नव्यात ती काढून टाकली. कुठलंही जनावर असो, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे कुत्र्याला मारलं तर किंमत विचारायची नाही, पळवलं तर विचारायची! आणि देवळातली चार पितळी कुत्री नेली तर एक न्याय, पायरीवर झोपणारं जिवंत कुत्रं नेलं तर दुसरा. पायरीवरचं कुत्रं कुणाच्याच ताब्यात नसेल, तर ती चोरी तरी ठरेल का, हीच शंका.

कुत्र्यावर नुसती किंमत लावली की काय होतं, हे आपल्या मुंबईने फार पूर्वी पाहिलं आहे. १८३२ साली कंपनी सरकार उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायला लावत असे आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे देत असे. आठ आण्यांच्या लोभाने पकडणारे लोकांच्या आवारातून, घरांतूनही कुत्री ओढून नेऊ लागले, अशी तक्रार होती. पारशी समाजात कुत्र्याला धर्माचं स्थान आहे. जून महिन्यात त्यांच्या सणाच्या दिवशी फोर्टात दंगल उसळली, बाजार बंद पडले. पुढे दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांनी पांजरपोळ उभा केला. भुलेश्वरची ती संस्था आजही आहे.

इथे आपल्यापैकी जाणते वाचक हरकत घेतील. अवधूताने चोवीस गुरू केले. त्यातलं कबुतर पिल्लांच्या मोहाने जाळ्यात पडलं. कुरर पक्ष्याने चोचीतला मांसाचा तुकडा टाकला, तेव्हा त्याला शांती मिळाली. 'माझं माझं' सोडा, हीच दत्तसंप्रदायाची शिकवण. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. मग आपण 'माझं कुत्रं चोरलं' म्हणून कायदा मागायचा, हे कसं बसतं?

हरकत वजनदार आहे. उत्तर मला महाभारतात मिळालं. युधिष्ठिर स्वर्गाच्या वाटेवर निघाला, तेव्हा राज्य सोडलेलं, घर सोडलेलं, भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडलेली. त्याच्याजवळ 'माझं' म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो कुत्राही त्याच्या मालकीचा नव्हता, आपणहून मागे आलेला. तरी रथात बसताना त्याने त्याला टाकायला नकार दिला. शरण आलेल्याला परत लोटणं, मित्राचा घात करणं, ब्राह्मणाचं धन चोरणं, स्त्रीला मारणं, या चार पातकांच्या बरोबरीचं पातक म्हणजे आपल्यावर भक्ती ठेवणाऱ्याला सोडणं, असं तो इंद्राला सांगतो. पाहा, चोरी आणि विश्वास मोडणं त्याने एकाच तागडीत घातलं. मोह सोडणं वेगळं आणि विश्वास मोडणं वेगळं. भाकरीला वेदना नसतात, म्हणून नामदेवांना ती देता आली. कुत्रं मात्र विश्वासाने चालत येतं आणि चोर त्याच विश्वासाचा गळ करतो.

महाभारताच्या सुरुवातीलाही कुत्रीच आहे. जनमेजयाच्या भावांनी यज्ञात सरमेच्या पिल्लाला विनाकारण मारलं. ती थेट सत्रात आली आणि विचारलं, याचा अपराध काय? कुणाकडेच उत्तर नव्हतं.

बँकेत सेफ कस्टडी म्हणून सोय असायची. ग्राहक बंद पेटी ठेवायला देई. ती आमच्या तिजोरीत असे, पण आमची नसे. आम्ही राखणदार. घरातल्या मुक्या जिवाचं तसंच आहे. ती दत्तगुरूंची ठेव आहे. चोर गुन्हेगार ठरतो तो मालकाचा खिसा कापला म्हणून नाही, ठेवीला हात लावला म्हणून.

पण हे मान्य केलं की दुसरी बाजूही मान्य करावी लागते. राखणदारच ठेव रस्त्यावर टाकून गेला तर? आपल्या उपनगरांत जागा बदलताना, पुनर्विकासात भाड्याच्या घरात जाताना, कुत्रं आजारी पडलं म्हणून, लोक त्याला स्टेशनबाहेर किंवा हायवेला सोडून येतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपासमार होईल असं टाकून देणं हा गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. चोरासाठी कलम मागायचं आणि स्वतःसाठी पन्नास रुपयांवर सुटायचं, हा दुटप्पीपणा झाला. कायदा करायचाच तर दोन्ही एकत्र व्हावं: पळवणंही आणि टाकणंही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कुत्र्यांबद्दल आधी एक आदेश दिला, मग अकरा दिवसांत तो बदलला. पहाटे फिरायला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना चावण्याची भीती वाटते, ती खोटी नाही. नसबंदी, लसीकरण, कचरा उचलणं हे त्यावरचे उपाय, आणि ते व्हायलाच हवेत. पण त्या भीतीपोटी कुणाच्या दारातला विश्वासू जीव पळवणाऱ्याला 'पाच हजारांखालचा माल' म्हणून सोडणं न्यायाचं नाही.

माणसांचेच खटले वर्षानुवर्षं पडून असताना कुत्र्यांसाठी नवं कलम कशाला, असंही विचारतील. कोर्टाचा वेळ जाईल, हे खरं. म्हणून माझं मागणं लहान आहे. नवा मोठा कायदा नको. ३०३ कलमात एवढंच लिहावं, की पाळलेल्या प्राण्याच्या चोरीला किमतीची अट लागू नाही, आणि ती दखलपात्र असावी. एक ओळ पुरे. मग पुढच्या बाईंना कुणी "किंमत किती लिहू?" विचारणार नाही.

ती ओळ येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात आहे ते करावं. पालिकेचा परवाना आणि लस वेळेवर घ्यावी. पशुवैद्याकडून मायक्रोचिप बसवून घ्यावी, तांदळाच्या दाण्याएवढी असते. दुकानाबाहेर कुत्र्याला एकटं बांधू नये. स्पष्ट फोटो जवळ ठेवावा. आणि दत्तजयंतीचा प्रसाद वाटताना कुत्र्यांना पेढे, मनुका घालू नयेत, त्यांना ते बाधतं. पोळीचा कोरडा तुकडा आणि वाटीभर पाणी पुष्कळ झालं.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥