नाणे कोणाचे?



जकात नाका म्हणजे काय, हे चिंचवडकरांना सांगावे लागत नाही. शहरात येणाऱ्या मालावर जकात भरावी लागे आणि महापालिकेची तिजोरी मुख्यतः त्यावरच चाले. 2013 साली जकात गेली, 2017 साली जीएसटी आला. संत मत्तय अशाच एका नाक्यावर बसलेला होता. प्रभूने त्याला तेथूनच बोलावले.

कैसराला कर द्यावा की नाही, हा प्रश्न प्रभूला पेचात पकडण्यासाठी विचारला गेला. त्याने नाणे दाखवायला सांगितले, तेव्हा ते विचारणाऱ्यांकडेच निघाले. म्हणजे कैसराचा पैसा ते रोजच वापरत होते! आपले वेगळे काय आहे? पवनेचे पाणी नळाला येते, रस्त्यावर दिवे लागतात, वायसीएम रुग्णालयात गरिबाला खाट मिळते. हा पैसा मिळकतकरातून आणि राज्याकडून येणाऱ्या जीएसटीच्या अनुदानातून येतो. तरी आपण दुकानात ‘बिल नको, भाव कमी करा’ म्हणतो, घरभाड्याच्या खोट्या पावत्या जोडतो, आणि पापनिवेदनाच्या वेळी मात्र यातले काही आठवत नाही. त्या खाटेवरच्या आजाऱ्याच्या वाट्यातलेच आपण घेतलेले असते.

‘वरचे खातात, त्याचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने जकातदारांना ठरल्याहून अधिक घेऊ नका असे बजावले होते. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. नाण्यावर कैसराची मुद्रा होती. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. म्हणून कर भरणाऱ्याने मान खाली घालून गप्प बसायचे कारण नाही. माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हाती आहे. साधा अर्ज आणि दहा रुपये शुल्क, एवढेच लागते.