शिलापाट्यांच्या आधी

सिनाय पर्वतावर मोशेच्या हाती दगडी पाट्या आल्या, तेव्हा त्यांवरील आज्ञा जगाला सर्वस्वी नव्या होत्या काय? पवित्र शास्त्र लक्षपूर्वक वाचणाऱ्यास तसे वाटत नाही. मनुष्यहत्येची मनाई त्या पाट्यांवर कोरली जाण्याच्या कितीतरी आधी काइन बंधुहत्येबद्दल दोषी ठरला. पोटीफराच्या घरी योसेफाने व्यभिचार नाकारला, तो देवाविरुद्ध पाप होईल म्हणूनच. रानात मन्ना वेचणाऱ्यांनी सातव्या दिवशी विसावा घेतला, तो ‘निर्गम’च्या १६ व्या अध्यायात, दहा आज्ञा येतात २० व्या अध्यायात.

यावर अभ्यासक म्हणतील, या कथा फार नंतर लिहिल्या गेल्या. लेखकांनी आपल्या काळचे आचार पूर्वजांच्या ठायी कल्पिले असतील. आक्षेप रास्त आहे. परंतु १९०१ साली सुसा येथे सापडू लागलेला हम्मुराबीचा शिलास्तंभ मोशेपूर्वी कित्येक शतके कोरलेला आहे. चोरी, व्यभिचार व खोटी साक्ष यांना त्यातही शिक्षा आहे. मारक्या बैलाच्या धन्यावर जबाबदारीही आहे.

आणि इतके दूर तरी कशाला जावे? मलकापूरसारख्या वऱ्हाडी गावच्या शिवारात सुगी सरली, की गोरगरीब बायाबापड्या दुसऱ्याच्या वावरात सरवा वेचतात. ज्वारीची गळालेली कणसे, मातीत राहिलेल्या भुईमुगाच्या शेंगा त्या ओटीत भरून नेतात. धन्याने त्यांना हटकू नये, अशी जुनी रीत. ‘लेवीय’च्या १९ व्या अध्यायाची आज्ञा हीच आहे. रूथने बेथलेहेमात बवाजाच्या शेतात वेचला तोही सरवाच. मराठी बायबलात शब्ददेखील तोच आहे. ही रीत पाळणाऱ्या कित्येकांनी मोशेचे नावही ऐकलेले नसेल. नियमशास्त्र नसलेल्यांच्याही अंतःकरणावर नियम लिहिलेला असतो, असे संत पौल रोमकरांस सांगतो, ते याच अर्थाने.

मग सिनायची आवश्यकता काय उरली? रीत धन्याच्या मर्जीवर जगते. दुष्काळ पडला, भाव चढला, की वावरात राखणदार उभा राहतो आणि सरवा बंद होतो. हम्मुराबीच्या कायद्यात तर सरदाराच्या डोळ्याची भरपाई डोळ्याने, सामान्याच्या डोळ्याची चांदीने. सिनायच्या नियमाने देशी आणि परका यांना एकच न्याय लावला. शेताच्या कडेचे पीक गरिबाचे व परक्याचे ठरवून टाकले, धन्याच्या मर्जीवर सोडले नाही. जे औदार्य होते, ते देणे झाले.

वाचकहो, हा ग्रंथ आपल्या घरात आहे, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटतो. परंतु तो कधीही न उघडलेला शेजारी वावराची कड राखून ठेवत असेल आणि आपण मात्र दाणा न् दाणा झाडून नेत असू, तर नियम कोणाच्या अंतःकरणावर लिहिलेला आहे, याचे उत्तर आपणच द्यायचे आहे.