पाणी आलं!



१९ जानेवारी २०२४ रोजी कुंभारीच्या रे नगरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते १५ हजार घरांचे लोकार्पण झाले. एकूण ३० हजार घरांची ही योजना विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक अशा कष्टकऱ्यांसाठी आहे. भाड्याच्या खोलीत जन्म काढलेल्यांना स्वतःचे दार मिळाले, यासाठी देवाचे आभारच मानले पाहिजेत.

पण त्यामुळे शहरातल्या गल्ल्या बदलल्या. वर्षानुवर्षे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही अवेळी, हे सोलापूरकराला काय सांगायचे! गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले, तरी रात्री कडी वाजवून "पाणी आलं!" म्हणणारी एखादी मावशी गल्लीत असायची. ती कुंभारीला गेली. तिच्या खोलीत आलेल्या भाडेकरूचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

संत थॉमस अक्वायनस प्रेमाचा क्रम सांगताना जवळच्या माणसाला अग्रस्थान देतात. (सेमिनरीत हे पाठ करणे सोपे होते!) पण जवळचा म्हणजे कोण? संत लूकच्या शुभवर्तमानात शास्त्री नेमके हेच विचारतो, आणि प्रभू येशू त्याला गल्लीतल्या माणसाची नव्हे, तर वाटेने चाललेल्या एका परक्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगतो.

तेव्हा पुढच्या पाण्याच्या पाळीला नव्या भाडेकरूची कडी आपण वाजवू या. कुंभारीला गेलेल्या आपल्या वृद्धांची नावे आज मिस्सानंतर माझ्याकडे द्यावीत. रविवारी त्यांना चर्चला आणायला कोणाची रिक्षा जाईल, तेही तेव्हाच ठरवू.