परका कारागीर आणि कसोटीचा धर्म

1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने हैदराबाद राज्यातून काढून मुंबई राज्यास जोडलेल्या प्रदेशांत, किनवट आणि राजुरा या तालुक्यांच्या जोडीने, आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कलचा नावानिशी उल्लेख आहे. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबर रोजी इस्लापूरकरांनी ना घर सोडले, ना शेत. तरी सूर्योदयाबरोबर त्यांचे राज्य पालटले आणि राजधानी हैदराबादेहून मुंबईस गेली. निजामाच्या अमदानीपासून त्या मुलुखात सरकारी चाकरीसाठी मुलकी आणि गैरमुलकी असा भेद पाळला जात असे, आणि 1952 साली त्यावरून मोठे आंदोलनही पेटले होते. परंतु जेथे सरहद्दच माणसाच्या उंबरठ्यावरून सरकू शकते, तेथे आपला कोण आणि परका कोण, हे दफ्तरातील नोंदीवरून ठरविणे किती ठिसूळ आहे, हे या एका सर्कलच्या इतिहासावरून उमगावे.

याच इस्लापुराहून आज एखादा तरुण पाट्या रंगविण्याचा, लग्नपत्रिका मांडण्याचा, संगणकावर बोधचिन्हे आणि पुस्तकांची वेष्टने रचण्याचा हुन्नर घेऊन पुण्यास अथवा हैदराबादेस जातो, तेव्हा त्याच्यापुढे प्रथम उभा राहतो तो प्रश्न पोटाचा असला, तरी त्याच्या तळाशी एक तात्त्विक प्रश्न दडलेला असतो. गावात त्याच्या अक्षरांना त्याच्या बापाची, आळीची, शाळेतल्या मास्तरांची ओळख चिकटलेली होती. शहरात ती ओळख गळून पडली, म्हणजे मागे उरते ते काय? कौशल्य माणसाच्या हातात असते, की त्याला ओळखणाऱ्यांच्या डोळ्यांत?

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत हा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण बलुतेदाराचा धंदा जन्माने ठरे आणि त्याचा हक्क वतनाने. काम शोधावे लागत नसे, पण ते सोडून जाण्याची मुभाही क्वचितच असे. गीतेने स्वकर्मालाच ईश्वराची पूजा मानले, ते थोरच. तथापि ज्याने आपले स्वकर्म जन्माने न मिळविता निवडून घेतले, आणि ज्याच्यापाशी ना वतन आहे, ना सनद, त्याला ही पूजा मांडावयास देवघर कोठे सापडावे? फलाची आशा सोड, असे बेकारास सांगणे सोपे आहे आणि काहीसे निर्दयही. कारण कर्मावाचून देहाची यात्राही चालणार नाही, हे त्याच गीतेने त्याच श्रीकृष्णाच्या तोंडून बजावले आहे. शिवाय रेखाटनाच्या धंद्यात तर दुसऱ्याची गरज हाच कर्माचा आरंभ असतो. कवी एकांतात कविता लिहू शकेल, परंतु ज्या दुकानाचा मालकच नाही त्याची पाटी कोण रंगविणार?

या प्रश्नाचे उत्तर मला मराठवाड्यातल्याच एका संतकथेत सापडते. तेरढोकीस गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता काकांनी थापटणे घेऊन एकेकाचे मस्तक ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. नामदेव मूळचे नरसीचे, जातीने शिंपी, आणि पंढरीच्या विठ्ठलाचे लाडके. त्यांना तो निवाडा झोंबला. पुढे औंढ्यास विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले, आणि पाय जेथे न्यावेत तेथे देव आहेच, हा बोध त्यांच्याकडून नामदेवांना मिळाला. कथेचा अर्थ सामान्यतः भक्तीपुरता लावतात. पण कारागिरालाही तो लागू पडतो. ज्याचा देव एकाच पंढरीत राहतो तो भक्त कच्चा, तसाच ज्याचा हुन्नर केवळ आपल्या पेठेतल्या ओळखीवर जगतो तो कारागीरही अजून कच्चाच. नामदेव पुढे पंजाबात गेले, जेथे पंढरीचे माहात्म्य जाणणारे फारसे कोणी नव्हते. तेथल्या परंपरेने त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात सामावून घेतली, आणि 1708 साली गुरू गोविंदसिंहांनी नांदेड येथे त्याच ग्रंथाला गुरुपदी बसविले. नरसीचा माणूस आपल्या प्रदेशात असा परतला, तो परक्यांनी पारखून घेतल्यानंतरच.

आधुनिक काळातली साक्ष काढावयाची, तर पंढरपुरात 1915 साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत प्रथम चित्रपटांचे भव्य फलक रंगवीत होते. आणि पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातून आलेल्या दीनानाथ दलालांनी मुंबईतच मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे आणि ‘दीपावली’चे अंक सजविले. रस्त्यावरून जाणारा मनुष्य हुसेनांचा फलक पाहताना रंगाऱ्याचे गाव विचारीत नव्हता, आणि दलालांच्या चित्रासाठी अंक विकत घेणाऱ्या वाचकाला चित्रकार कोणत्या सरकारची प्रजा आहे याची फिकीर नव्हती.

तेव्हा परमुलुखात उभे राहणे ही कारागिराला झालेली शिक्षा नव्हे, ती भाजणी आहे; एवढे मान्य केले तरी विवेचन अर्धेच होते, कारण भाजणारा कोणी असावा लागतो, आणि त्याचाही काही धर्म असतो. गोरोबाकाकांनी मडके कोणत्या आव्यातले, असे विचारले नाही. ठोकले आणि आवाज ऐकला. आपल्या शहरांत याच्या नेमके उलटे घडते. शिफारस कोणाची, यापूर्वी कोठे होता, गाव कोणते, एवढी चौकशी पुरी झाल्यावर मग काम पाहिले जाते. आणि पाहिले, तर ‘आधी नमुना म्हणून दोन-तीन करून आणा, पैशांचे मागाहून बघू’ असे सांगितले जाते. ज्याची ओळख आहे त्याला असा फुकटचा नमुना मागावयास आपण धजत नाही, म्हणजे कसोटीच्या नावाखाली आपण परकेपणाचा कर वसूल करीत असतो.

यावरून दोन कर्तव्ये निघतात. नवागताने वशिल्याचे पत्र शोधण्यात दिवस घालविण्यापेक्षा अनोळखी गिऱ्हाइकाचे एखादे लहान, परंतु खरे काम मिळवावे, कारण तेच त्याचे पुढचे ओळखपत्र ठरते. आणि त्या कामाकडे पाहताना गावाकडील प्रशंसेचा हिशेब त्याने मनातून पुसून टाकावा. शहरातल्या मालकाने, संपादकाने, छापखानेवाल्याने मात्र पारखावयाचे ते कामच पारखावे, आणि पारखण्यासाठी जे काम करवून घेतले त्याचा मोबदला, ते पसंत पडो वा न पडो, त्याच दिवशी हातावर ठेवावा.