पोटात पाय

सेंद्रिय भाजीपाल्यावरच्या पुस्तकांत सगळी मापं दिलेली असतात. सुभाष पाळेकरांचं जीवामृतच घ्या. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. म्हणजे निम्मं सामान गोठ्यातलं आणि निम्मं आमच्या फराळाच्या डब्यातलं. बेसन परसात चाललेलं पाहून सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं, "अहो, यंदा दिवाळी झाडांची का?" ते असो. पण या पुस्तकांत एक प्रकरण कुठेच सापडत नाही: किडीला मारायचा परवाना आपल्याला दिला कोणी?

दुसऱ्या गावात हा प्रश्न टाळता येतो, इगतपुरीत नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. श्रावणापर्यंत चपला, लोणचं आणि माणसं या तिन्हींवर एकाच रंगाची बुरशी धरते. अशा हवेत भेंडीचं रोप चार पानांवर आलं, की रात्री गोगलगायी येतात आणि सकाळी नुसता दांडा उरतो. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात. आमच्या परसातलीच्या पोटात पाय नसतात, भेंडी असते.

आणि याच गावात धम्मगिरी! सत्यनारायण गोयंकांनी १९७६ साली इथे विपश्यनेचं केंद्र सुरू केलं. तेव्हापासून जगभरची माणसं इथे येऊन दहा दहा दिवस गप्प बसतात. शिबिरात पाळायच्या शीलांतलं पहिलंच असं, की कुठल्याही जिवाची हत्या करायची नाही. आमच्या मातोश्री शिबिर करून आल्या. मौन दारातच संपलं. शील मात्र टिकलं.

गोगलगायी धरणं सोपं आहे. संध्याकाळी वाफ्यालगत ओलं गोणपाट टाकायचं, सकाळी उचलायचं. खाली सगळी सभा भरलेली असते. पुढचं काम पुस्तकं एका ओळीत उरकतात, की मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. टाकाव्यात! मारणारा कुठे दिसतच नाही. आमच्या बँकेतही 'रक्कम वळती करण्यात यावी' असंच लिहितात, म्हणजे उद्या चौकशी झाली तर कोणी वळती केली हे देवालाही कळू नये.

"मीठ घालायचं नाही," आई म्हणाली.

"मग काय करू?"

"नेऊन सोड."

"कुठे?"

तिने कुंपणाकडे पाहिलं. कुंपणापलीकडे शेजारच्या काकांचे दोडके होते.

मग मनात आलं, हा उद्योगच नको. सरळ बाजारातून भेंडी आणावी, हात स्वच्छ. पण मी पडलो कॉमर्सचा माणूस. जमा आहे तिथे नावे असायलाच पाहिजे. माझ्या खात्यावर खून पडला नाही, तर तो कोणाच्या तरी खात्यावर पडलेला असणार. बाजारच्या भेंडीवर एकही भोक नसतं, ते काय अळ्यांनी एकादशी धरली म्हणून? पाठीवर पंप घेऊन कोणीतरी फवारलेलं असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कपाशी आपण खात नाही हे खरं, पण पंप आणि पाठ तीच. तेव्हा पिशवी घेऊन बाजारात गेलेला माणूस अहिंसक, हे काही माझ्या गळी उतरेना.

सेंद्रियवाल्यांकडे आणखी एक तोड आहे. तिला मित्रकीटक म्हणतात. ट्रायकोकार्ड नावाचा एक कागद मिळतो, त्यावर वीसेक हजार अंडी. त्यातून डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाश्या निघतात आणि पोखरणाऱ्या अळीच्या अंड्यात स्वतःची अंडी घालतात. अळी जन्मायच्या आतच खलास. उत्तम! पण मुंबईत याच प्रकाराला सुपारी देणं म्हणतात, आणि तिथे पोलीस देणाऱ्यालाही धरतात.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखलं नव्हतं असं समजू नये. महाभारतात, वनपर्वात, मिथिलेचा धर्मव्याध आहे. मांस विकणारा हा माणूस कौशिक नावाच्या तापट ब्राह्मणाला सुनावतो, की शेती लोक चांगली मानतात, पण नांगराखाली मातीतले किती जीव मरतात ते बघ. पूर्ण अहिंसक या जगात कोणी नाही. गांधीजींचंही पाहा. १९२८ साली साबरमती आश्रमात त्यांनी वेदनेनं तळमळणाऱ्या, बरं न होणाऱ्या वासराला इंजेक्शन देववून मरण दिलं, आणि देशभर गदारोळ उडाला. त्याच सुमारास त्यांनी पीक नासणाऱ्या माकडांचाही प्रश्न लोकांपुढे ठेवला. वासराला मारलं ते त्याच्या भल्यासाठी. माकडाला मारलं तर ते आपल्या पोटासाठी, आणि ती हिंसाच. पोटासाठी केलेल्या गोष्टीला दयेचं लेबल लावायला त्यांनी नकार दिला, हे मला फार मोठं वाटतं. आम्ही साध्या पाकिटखर्चालाही 'प्रवासभत्ता' म्हणतो.

आईला मी हे सगळं सांगितलं. धर्मव्याधापर्यंत तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मारणार असशील तर स्वतःच्या हाताने मार. कामवाल्या मावशींना सांगू नकोस. आणि मीठ नको, जीव फार वेळ तळमळतो."

तेव्हापासून सकाळी आंघोळीच्या आधी मी बंबातलं कढत पाणी बादलीत ओततो. एका क्षणात होतं. तो क्षण मात्र मला बघावा लागतो. चिरंजीवांनी एकदा "बाबा, मी ओतू?" विचारलं, तेव्हा मी जरा जोरातच "नाही" म्हणालो.

ताटात भेंडीची परतून केलेली भाजी येते, कोवळी, भोकासकट. आई ती खाते. खाण्याआधी रोज विचारते, "आज किती?"

"सतरा."

संध्याकाळी ती ध्यानाला बसते, शेवटी मंगल मैत्री करते. मोजून सतरा जणांसाठी करते की सरसकट, ते मी विचारलेलं नाही. काल तेवीस होत्या, आणि ती नेहमीपेक्षा जरा उशिराच उठली.