आधी व्यसन की आधी मन?

नोकरीनिमित्त बेंगळुरूच्या जे. पी. नगरमध्ये स्थायिक झालेले एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणा. घरातला तरुण मुलगा रोज रात्री पितो. सुरुवात झाली ती झोप लागत नव्हती म्हणून. आता दारूशिवाय हात थरथरतात आणि दारू घेतली की उदासी वाढते. आई म्हणते, “आधी हे सोड, मग मनाचं बघू.” तो देवासमोर शपथ घेतो, आठ दिवसांत ती मोडते. मग पिण्याच्या जोडीला अपराधीपणाही येतो.

इथे आपण साधकांनी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. संकल्प मनाने करायचा असतो. ते मनच आजारी असेल, तर केवळ संकल्पाची अपेक्षा ठेवणे न्याय्य आहे का?

नैराश्य, चिंता किंवा भास यांचा त्रास विसरण्यासाठी माणूस नशेकडे वळतो आणि नशा तोच त्रास वाढवते. एकावरच उपचार केले तर राहिलेला आजार त्याला पुन्हा मागे ओढतो. म्हणून दोन्हींवर एकत्र उपचार हवेत. जे. पी. नगरपासून काही किलोमीटरवर, होसूर रस्त्यावरच्या ‘निम्हान्स’ या मनोविकारांच्या संस्थेतच व्यसनोपचाराचा विभाग आहे, तो याचसाठी. आपल्या पुण्यातही २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झाले, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. ते उभे करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत स्थान दिले आहे.

मग माणसाची जबाबदारी संपली का? नाही. उपचार जबाबदारी काढून घेत नाहीत, ती पेलण्याची ताकद परत देतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरणे फार कठीण असल्याचे अर्जुन कबूल करतो. श्रीकृष्ण त्याला दोष देत नाहीत. त्याचे म्हणणे खरे मानतात आणि मग अभ्यास व वैराग्याचा मार्ग सांगतात. आधी दुःख मान्य करायचे, मग उपाय सांगायचा, हा क्रम आपणही पाळू या.

नामस्मरण, ध्यान आणि सत्संग यांचा आधार मोठा आहे, पण तो औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नव्हे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने शपथेच्या भरात एकाएकी दारू बंद केली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकते. म्हणून गळ्यात माळ घालण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्या. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

आणि त्याची शपथ मोडली तर “पुन्हा प्यायलास?” असे विचारण्याआधी एकदा विचारा, “तुला काय होतंय?” कदाचित हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेलाच नसेल.