पडणाऱ्याचं काय होतं?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४४.

अर्जुन इथे जो प्रश्न विचारतो तो मला अख्ख्या गीतेतला सगळ्यात आपल्यातला प्रश्न वाटतो. भगवंतांनी नुकतंच अभ्यास आणि वैराग्य सांगितलं आहे. अर्जुन म्हणतो, ठीक आहे, पण ज्याची श्रद्धा आहे आणि तरी जो वाटेत घसरला, त्याचं काय? तो ना इकडचा, ना तिकडचा. फाटलेल्या ढगासारखा विरून जातो का?

इथलं घसरणं साधनेतलं आहे, हे मान्य. पण आज हे श्लोक मला खरोखर, गुडघे फोडून पडणाऱ्या मुलासाठी वाचायचे आहेत.

शहापूर-मुरबाडकडचा जुलै डोळ्यांसमोर आणा. आपल्यातले बरेच जण आसनगावला उतरून माहुलीला गेलेत, नाहीतर कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजला. आपण तिथे घसरलो की त्याचं रील होतं. तिथल्या पोराला मात्र त्याच वाटेने रोज शाळेत जायचं असतं. खाचरांमधला अरुंद बांध, दोन्हीकडे आवणीचं पाणी, पुढे ओढा आणि त्यात टाकलेले दगड. बाकीची पोरं त्यावरून पळतात. समजा, त्यातलं एक आठ वर्षांचं पोर रोज पडतं. कोरड्या, सपाट अंगणातही पडतं. बटण लावताना अडतं, चेंडू झेलताना हात उशिरा पुढे येतो. गोष्ट सांगायला बसलं तर सगळ्यांना गप्प करील. पण गाव त्याला ओळखतं एकाच नावाने : वेंधळा.

याला डिस्प्रॅक्सिया म्हणतात. डॉक्टर लोक ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ असंही म्हणतात. शाळकरी वयाच्या शंभर मुलांत पाच-सहा जणांना हा त्रास असतो, असं मानतात. स्नायू दुबळे नसतात, बुद्धीही कमी नसते. पाऊल कुठे, किती जोरात टाकायचं आणि तोल जाऊ लागला तर लगेच काय बदलायचं, ही मेंदूतली आखणी नीट जमत नाही. आपण चालताना चालण्याचा विचार करत नाही. या मुलाला करावा लागतो, प्रत्येक पावलाला. म्हणून ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ हा प्रश्न त्याच्यावर फार अन्याय करणारा आहे. त्याचं सगळं लक्ष तिथेच असतं.

आता अर्जुनाकडे परत. त्याची भीती नीट बघा. पडून लागेल, ही ती भीती नाहीच. पडलो तर मला कुठेच जागा उरणार नाही, ही आहे. आपल्या या मुलाचंही तेच. गुडघा आठ दिवसांत भरतो. पण लगोरीत कोणी घेत नाही, कबड्डीत शेवटी उरतो, आणि मग ‘तू राहू दे, पडशील’ असं आईसुद्धा मायेने म्हणते. तो ढग असा विरतो.

आणि कोणीतरी हमखास म्हणतं, मागच्या जन्मीचं असेल काहीतरी. मला या वाक्याचा राग येतो, आणि तो गीता वाचूनच येतो. कारण या श्लोकांत पूर्वजन्म येतो, पण कशासाठी? घसरण्याचं कारण शोधायला नव्हे. आधी केलेला अभ्यास वाया गेला नाही, तो पुढे शिल्लक राहिला, हे सांगायला. भगवंत पडलेल्याचा हिशोब काढत नाहीत. ते अर्जुनाला ‘तात’ म्हणतात, म्हणजे बाळा, आणि पडलेल्याला काय मिळतं ते सांगतात. त्याला घर मिळतं. एक तर शुद्ध आचरणाच्या संपन्न माणसांचं, नाहीतर ज्ञानी योग्यांचं. जिथे थांबला तिथून त्याला पुढे चालता यावं म्हणून. यातलं दुर्मिळ घर ते दुसऱ्याला म्हणतात, पैसेवाल्याला नाही. मुरबाडच्या पुढच्या पाड्यावरून ठाण्याला दर आठवड्याला थेरपीसाठी येणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्या बाजूने मला हे फार मोलाचं वाटतं.

भागवताच्या दहाव्या स्कंधात बाळकृष्ण आणि बलराम गोकुळाच्या चिखलात रांगत फिरतात. यशोदा आणि रोहिणी त्यांना तशाच चिखलाने माखलेल्या अंगाने उचलून छातीशी घेतात. आधी पुसत नाहीत, रागावत नाहीत. रांगणारा बाळकृष्ण आपल्या देवघरांत आहेच. चिखलातलं पोर समोर आलं की आपल्याला मात्र आधी युनिफॉर्म दिसतो.

मग त्याला बांधावर जाऊच द्यायचं नाही का? मला वाटतं, जाऊ द्यावं. ‘अभ्यास’ हा शब्द इथे अगदी साधा घ्या. डिस्प्रॅक्सियात उपयोगी पडतो तो नेमक्या त्याच कामाचा सराव, तुकडे करून. बांधच चालायचा असेल तर बांधावरच शिकायचं, आधी उन्हाळ्यात, कोरडा असताना, दहाच पावलं. पुढचं पाऊल कुठे ते तोंडाने म्हणत. दप्तर दोन्ही खांद्यांवर, पायात पट्ट्याची, घट्ट बसणारी चप्पल. ओढ्याला पाणी चढलं असेल तेव्हा मात्र हात धरायचा. तिथे तत्त्वज्ञान नको. आणि पडला तर सगळ्यांनी धावत जमायचं नाही. एकाने जवळ थांबायचं, त्याला स्वतः उठू द्यायचं.

एक गोष्ट मात्र भक्तीच्या नावाखाली टाळू नका : डॉक्टर. आधी नीट चालणारं मूल हल्ली जास्त पडू लागलं असेल, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत असेल किंवा पोटऱ्या फुगलेल्या दिसत असतील, तर तो स्नायूंचा वेगळा आजार असू शकतो. तपासणी लगेच हवी.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्प्रॅक्सियाचं नाव घेतलेलं आहे, डिस्लेक्सियाच्या शेजारीच. आणि शाळेतली मुलं तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. अंगणवाडीत हे पथक वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. त्या दिवशी मूल रांगेत उभं असतं, पडत नसतं, त्यामुळे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. गावी कोणाचं असं मूल असेल तर गुरुजींना किंवा बाईंना आधीच सांगून ठेवा, तो कसा, कुठे, दिवसातून किती वेळा पडतो ते लिहून द्या.

उद्या श्लोक ४५.